रोजच्या वाटेवरील आनंद
(एस. टी.ने जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी अभ्यासपाठ)



खेड्यात राहून तालुक्याच्या गावी कामास जाणारा मनुष्य रोज एस. टी.त बसतो. विद्यार्थी कॉलेजास जातो, शिक्षक शाळेस जातो, भाजीवाली बाजारास जाते, आजारी मनुष्य दवाखान्यात जातो. ह्या जाण्यायेण्याविषयी कोणी पाठ लिहावा, असे सहसा कोणास वाटत नाही. प्रवास म्हणजे केवळ इकडून तिकडे जाणे, आणि त्यात गेलेला वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, अशी आपली समजूत असते. ती समजूत खरी आहे काय, ह्याचा आज विचार करू.

प्रथम हिशेब मांडू. ज्यास जाण्यास एक तास व येण्यास एक तास लागतो, आणि जो वर्षाचे ३०० दिवस असा प्रवास करितो, त्याचे वर्षाला ६०० तास गाडीत जातात. ६०० तास म्हणजे रात्र व दिवस मिळून पुरे २५ दिवस. अशी ३० वर्षे नोकरी केली, तर ७५० दिवस, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, गाडीतच गेला. आयुष्यातील दोन वर्षे कोणी आपल्यापासून हिरावून घेऊ लागला, तर आपण स्वस्थ बसणार नाही. परंतु तीच दोन वर्षे कपाळाला आठ्या घालून, घड्याळाकडे पाहत व शेजाऱ्यावर खेकसत आपण आपल्याच हातांनी टाकून देतो. शिवाय गाडीत जमलेली कटकट गाडीतच राहत नाही. ती आपल्याबरोबर उतरते आणि घरी जाऊन लेकरांवर निघते. म्हणून हा विषय दिसतो तितका लहान नाही.

१. बसावयास मिळाले, हाच पहिला आनंद

आज तिकीट काढले म्हणजे गाडीत बसता येते, ह्यात आपणास काही नवल वाटत नाही. परंतु ही गोष्ट पूर्वापार अशीच नव्हती.

सन १९०१ मधील गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी दहा वर्षांच्या आतबाहेरचे होते. साताऱ्याहून भावंडांसह ते आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांच्या नोकरीच्या गावी जावयाचे होते आणि पुढची वाट बैलगाडीची होती. मुले कोणत्या जातीची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांस नेण्यास कबूल होईना. शेवटी असे ठरले की, मुलांनी दुप्पट भाडे द्यावे व गाडीही स्वतःच हाकावी. गाडीवान मात्र शेजारून पायी चालेल. त्या वाटेवर त्यांस रात्री पिण्यास पाणीही मिळाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेविली आहे. जवळ पैसा असून आणि समोर गाडी उभी असूनही बसण्याची जागा मिळत नव्हती, हे आपण ध्यानात ठेवावे.

पुढे मोटारी आल्या. सन १९३९ चा मोटार कायदा होईपर्यंत खाजगी मोटारवाल्यांच्या भाड्यास व चढाओढीस काही धरबंध नव्हता. मग तेव्हाच्या मुंबई सरकारने स्वतःची प्रवासी गाडी सुरू केली. ता. १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर ह्यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली. ती निळ्या रंगाची व रुपेरी टपाची होती. त्या नगराचे नाव सन २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. त्याच मार्गावर ता. १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ गाडी सुरू झाली. ‘बहुजन हिताय बहुजन सुखाय’ हे एस. टी.चे ब्रीद आहे. म्हणजे पुष्कळांच्या हितासाठी व पुष्कळांच्या सुखासाठी.

सन १९५० मध्ये अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नाहीशी केली. कायदा झाला म्हणून लोकांच्या मनातील भेद त्याच दिवशी गेले, असे कोणी म्हणणार नाही. तथापि एस. टी.च्या बाकावर एक गोष्ट रोज घडते. तिघांच्या बाकावर पाटील, मजूर व विद्यार्थिनी खांद्यास खांदा लावून बसतात आणि वाहक तिघांसही एकच प्रश्न विचारितो, “कुठं जायचं?” तो जात विचारीत नाही, गाव विचारितो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांस गाडीच्या मागून चालावे लागले, त्यांनी तरी ह्या प्रश्नाचा गोडवा विसरू नये. खिडकीजवळची जागा मिळाल्यावर मनास जो लहानसा हर्ष होतो, त्याच्या पाठीमागे एवढा मोठा इतिहास आहे.

२. डोळ्यांचा आनंद

आता खिडकीबाहेर पाहू. अहिल्यानगर ते पुणे हा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता उदाहरणादाखल घेऊ, कारण तोच एस. टी.चा पहिला रस्ता होय. सुपे मागे पडते, मग शिरूरजवळ घोड नदी ओलांडताना एक जिल्हा संपून दुसरा लागतो. पुढे रांजणगाव, शिक्रापूर आणि कोरेगाव येथे भीमेचे पात्र. जो मनुष्य रोज एखाद्या रस्त्याने जातो तो म्हणतो, “तोच रस्ता, त्यात काय पाहावयाचे?” परंतु रस्ता तोच असला, तरी तो दोन दिवस सारखा राहत नाही. भाद्रपदात बाजरीची कणसे डोलतात. पौषात ज्वारीला हुरडा येतो आणि राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवितो. फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात कडुनिंबाच्या मोहोराचा वास खिडकीतून आत येतो, आणि वैशाखाच्या उन्हात बहाव्याचे पिवळे झुंबर लोंबू लागते. घरच्या भिंतीवरील कालदर्शिकेहून हे पंचांग अधिक सुंदर आहे, आणि त्यास दिडकीही लागत नाही.

तारांवर बसलेली पाखरे पाहावीत. दुभंगलेल्या लांब शेपटीचा काळा पक्षी दिसला, तर तो कोतवाल. हिरवा, सडपातळ, एकाएकी तारेवरून झेप घेऊन हवेतच किडा पकडणारा व पुन्हा तारेवर येऊन बसणारा, तो वेडा राघू. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीस लोंबती घरटी दिसतील, ती सुगरणीची. आपण त्या पाखरास बाईचे नाव दिले आहे, परंतु घरटे विणतो तो नर. मादी येते, घरटे पाहते, आणि तिच्या पसंतीस उतरले तरच त्यात नांदते. एवढी एक गोष्ट शेजारी बसलेल्या लेकराला सांगून पाहा. त्याचा पुढचा अर्धा तास विहिरी शोधण्यात जाईल आणि ते रडणे विसरेल.

रात्रीच्या गाडीत लेकरे विचारितात, “चंद्र आपल्याबरोबर का पळतो?” ह्याचे उत्तर वडील माणसांसही ठाऊक असावे. रस्त्याच्या कडेचे झाड आपल्याजवळ असते. म्हणून गाडी थोडी पुढे सरकताच त्याची दिशा झटकन बदलते आणि ते मागे पळालेसे वाटते. लांबचा डोंगर हळूहळू मागे सरतो. चंद्र तर सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. इतक्या अंतरापुढे आपण चाललेले दहा-वीस किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे. त्यामुळे त्याची दिशा बदलल्याचे डोळ्यास कळत नाही, आणि तो आपल्याबरोबर चालल्याचा भास होतो. खगोलशास्त्राचा हा पाठ एस. टी.च्या खिडकीत फुकट मिळतो.

येथे एक उपयोगाची सूचना करितो. कित्येकांस गाडी लागते. कानाच्या आतील भागात शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यास गाडीची हालचाल कळते, परंतु पुस्तकावर किंवा मोबाईलवर खिळलेल्या डोळ्यांस ती दिसत नाही. ह्या दोन साक्षींचा मेळ न बसल्याने मळमळते. म्हणून अशा मनुष्याने पुढच्या बाजूस बसावे, वाचू नये, आणि समोर दूरवर पाहावे. म्हणजे जे पाहण्याने आनंद मिळतो, त्याच पाहण्याने पुष्कळांची प्रकृतीही ठीक राहते.

३. कानांचा आनंद

आवाजाचेही असेच आहे. गाडीत एक दोरी असते. वाहकाने ती ओढून घंटी एकदा वाजविली म्हणजे थांबा, दोनदा वाजविली म्हणजे चला. चालक मागे वळून पाहत नाही. त्या दोन ठोक्यांवर विश्वास ठेवून तो गाडी पुढे काढितो. म्हातारी पायरीवरून नीट उतरली, तिचे गाठोडे खाली पोचले, एवढे पाहून मगच वाहक ती डबल बेल देतो. रोज ऐकलेल्या त्या आवाजात केवढी काळजी साठविलेली आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे तो आवाज पूर्वीसारखा वाटत नाही.

पूर्वी वाहकाजवळ रंगीत तिकिटांच्या गड्ड्या लाविलेली पेटी असे, आणि तिकिटे टोचण्याच्या चिमट्याची टकटक गाडीभर ऐकू येई. आता यंत्रातून तिकीट निघते. टकटक गेली, परंतु गाडीतील बोली राहिली आहे. एका तासात नगरी, बीडकडील व पुणेरी अशा तीन बोली कानी पडतात. कोणी पावसाविषयी बोलतो, कोणी कांद्याच्या भावाविषयी, कोणी सोयरिकीविषयी. कोणाचे खाजगी बोलणे चोरून ऐकू नये, हे उघड आहे. परंतु जे मोकळेपणी सर्वांसमोर बोलले जाते, ते ऐकणाऱ्यास आपला मुलूख वर्तमानपत्राहून अधिक कळतो.

४. शेजाऱ्याचा आनंद

पाहण्याहून व ऐकण्याहून मोठा आनंद माणसांचा आहे. गर्दीत उभ्या असलेल्या बाईचे लेकरू बसलेली परकी बाई न विचारता मांडीवर घेते. फलाटावरून खिडकीतून रुमाल टाकून कोणी जागा धरितो, आणि त्या रुमालावर कोणी बसत नाही. हा कायदा कोठे लिहिलेला नाही, तरी बहुतेक लोक तो पाळितात. मागे बसलेल्याचे पैसे हातोहात वाहकाकडे जातात, तिकीट व सुटे पैसे हातोहात परत येतात, आणि मधल्या पाच हातांपैकी एकही हात त्यातील नाणे ठेवून घेत नाही. प्रामाणिकपणाचे असे लहान दाखले रोज घडतात. परंतु एखादा खिसा कापला गेला तर त्याची वार्ता गावभर होते आणि ह्या शेकडो हातांची वार्ता कोणी सांगत नाही.

एस. टी. केवळ माणसे नेते असे नाही. खेड्यातील पुष्कळ आयांनी शहरात शिकणाऱ्या मुलाचा डबा एस. टी.ने पाठविला आहे. पहाटे भाकरी थापावयाची, डबा फडक्यात बांधावयाचा, आणि गाडीत ठेवावयाचा. तिकडे मुलगा स्थानकावर वाट पाहत उभा. आज अधिकारी व प्राध्यापक म्हणून मिरविणारे कित्येक लोक त्या डब्यावर वाढलेले आहेत. तसेच मुक्कामी गाडीचे. रात्री शेवटची गाडी गावात येते, चालक व वाहक तेथेच निजतात, आणि पहाटे तीच गाडी लोकांना घेऊन निघते. अंधारात तिचे दिवे वळणावर दिसले म्हणजे घरची माणसे म्हणतात, “आली गाडी.” कोणाचा तरी बाप, कोणाची तरी लेक सुखरूप पोचली, एवढा अर्थ त्या दोन शब्दांत असतो.

हा आनंद किती मोठा होता हे गाडी बंद पडल्यावर कळले. सन २०२० मध्ये साथीमुळे गाड्या थांबल्या. पुढे सन २०२१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस कामगारांचा संप सुरू झाला आणि तो सन २०२२ च्या एप्रिल महिन्यापर्यंत लांबला. कित्येक खेड्यांत महिनोगणती गाडी आली नाही. मुलांस शाळेपर्यंत पायपीट करावी लागली आणि तिकडे पगाराविना कामगारांच्या घरीही ओढाताण झाली. जी गाडी उशिरा येते म्हणून आपण तिला नावे ठेवीत होतो, तिची वाट पाहत लोक रस्त्याकडे डोळे लावून बसले. जे रोज मिळते त्याची किंमत ते न मिळाल्यावर कळते. ती मिळत असतानाच ओळखणे, हे शहाणपण होय.

५. एका आक्षेपाचा विचार

येथे कोणी म्हणेल, “हे लिहिणे सोपे आहे. आम्हास रोज तासभर एका पायावर उभे राहावे लागते, गाडी वेळेवर येत नाही, पत्रा गळतो, आणि आपण आम्हास पाखरे पाहावयास सांगता!” हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला बगल देता कामा नये.

आनंद पाहणे म्हणजे अडचण झाकणे नव्हे. गाडी वारंवार चुकत असेल, तर गावकऱ्यांनी मिळून तारीख व वेळ लिहून आगार व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्यावी. गर्दीचा फायदा घेऊन कोणी बाईस अगर मुलीस त्रास देत असेल, तर तेथे गप्प बसणे पाप आहे. सर्वांनी तिच्या बाजूने उभे राहावे आणि वाहकास सांगून गाडी थांबवावी. तक्रार करण्याने फळ मिळत नाही असे समजू नये. मागण्या होत गेल्या म्हणूनच सवलती आल्या. सन २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील वृद्धांस विनामूल्य प्रवास व सन २०२३ मध्ये स्त्रियांस अर्धे भाडे, ह्या सवलती सुरू झाल्या. जी म्हातारी पूर्वी भाड्यापायी लेकीकडे जात नसे, ती आता पिशवीत चार लाडू घालून निघते.

खरे पाहता, जो लक्ष देऊन पाहतो तोच नीट तक्रारही करू शकतो. जो डोळे मिटून केवळ कुरकुरतो, त्यास गाडी किती वाजता आली हेही सांगता येत नाही. लक्ष देणाऱ्यास सौंदर्य दिसते तसे दुःखही दिसते. दिवाळीनंतर उसाच्या गाड्या रस्त्यास लागतात. बैलांची रंगविलेली शिंगे व गोंडे पाहून मनास बरे वाटते. परंतु त्याच गाडीवर पाचटाच्या भाऱ्याशेजारी निजलेले लेकरूही त्यास दिसते. ऊस तोडावयास बीडकडून व पाथर्डीकडून आलेल्या आईबापांबरोबर ते आले आहे, आणि त्याची शाळा मागे राहिली आहे. हे दिसल्यावर तो मनुष्य दुसऱ्या दिवशी त्या लेकराच्या शाळेची चौकशी करील. म्हणून लहान आनंद शोधणे ही चैन नव्हे. ते डोळे उघडे ठेवण्याचे शिक्षण होय, आणि उघड्या डोळ्यांस शेजारी दिसतो.

६. करून पाहावयाचा अभ्यास

नुसते वाचून हा पाठ संपत नाही. पुढील आठवड्यात चार गोष्टी कराव्यात.

पहिली: जाताना पहिली पंधरा मिनिटे मोबाईल खिशात ठेवावा. तो वाईट आहे म्हणून नव्हे, तर डोळे एकाच वेळी दोन ठिकाणी राहू शकत नाहीत म्हणून.

दुसरी: रस्त्यावरील एक झाड निवडावे आणि रोज त्याच्याकडे पाहावे. एका वर्षात त्याची पानगळ, पालवी, फूल व फळ, ही सर्व पाहून होतील.

तिसरी: तिकीट घेताना सुटे पैसे हातात तयार ठेवावेत, आणि उतरताना वाहकास एक बरा शब्द बोलावा. दिवसभरात शेकडो लोक त्यास पैसे देतात. बरा शब्द देणारे थोडे.

चवथी, आणि ही मुख्य: संध्याकाळी घरी पोचल्यावर, “आज गाडीला किती उशीर झाला” हे सांगण्यापूर्वी, वाटेत पाहिलेली एक चांगली गोष्ट घरच्यांस सांगावी. लेकरांस ह्याची सवय लागली म्हणजे तीच दारात उभी राहून विचारतील, “आज काय पाहिलं?” ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, तेथे दिवसभराचा शीण लवकर उतरतो.

गावोगाव जाणाऱ्या शिक्षकांनी व उपदेशकांनी हा पाठ संध्याकाळी लोक जमले असता वाचून दाखवावा, आणि पुढील प्रश्न विचारावेत.

प्रश्न

१. रोज दोन तास प्रवास करणाऱ्याचे वर्षाला किती दिवस गाडीत जातात? तुमचा स्वतःचा हिशेब मांडा.
२. सन १९०१ मध्ये मसूर स्टेशनावर मुलांस गाडी का मिळेना? आज गाडीत बसताना त्या गोष्टीची आठवण का ठेवावी?
३. चंद्र आपल्याबरोबर चालतो असे का वाटते? लहान मुलास समजेल असे सांगा.
४. लहान आनंद पाहणे व अन्यायाविरुद्ध तक्रार करणे, ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत काय?
५. तुमच्या रोजच्या वाटेवरील अशी एक गोष्ट सांगा, जी तुम्ही कित्येक वर्षे पाहत आहा, परंतु जिच्याकडे आजवर लक्ष दिले नाही.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लगेच सुचले नाही तर चिंता करू नये. उद्या सकाळी गाडी आहेच.